ताईच्या कॅसेटवरचा आलाप

इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला की मला नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरचा टेपरेकॉर्डर आठवतो, कारण दादा त्याचं हेड स्पिरिटनं पुसायचा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे कापून जोडलेली, इंग्लंडातल्या दोघा संगीतकारांची एक रेकॉर्ड तक्रारींमुळे बाजारातून काढून टाकली होती. तिची कॅसेट दादाला एका दुपारपुरती मिळाली आणि घाईत हाताला लागलेल्या कॅसेटवर त्यानं ती उतरवून घेतली. त्या कॅसेटवर ताईनं म्हटलेली भुलाबाईच्या सणाची गाणी होती, ती पुसली गेली. काविळीनं ताई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आईला कळलं तेव्हा ती रागावली नाही, नुसती टेपजवळ बसून सगळी कॅसेट ऐकत राहिली. ढोल, कर्कश बडबड, आणि मध्येच कुण्या बाईचा तुटका आलाप. “थांब गा,” आई म्हणाली, “हा तं तिचाच आवाज हाय. थोडासा राहून गेला वाटते.” दादानं मान खाली घातली. “हो वं माय, तिचाच हाय.” मग आई रोज तेवढाच तुकडा लावायला सांगायची, आणि दादा लावून द्यायचा. आता ताईचा आवाज आठवू पाहिला, की मला त्या परक्या बाईचा आलापच ऐकू येतो.