नारळ कोणी फोडायचा

आमच्या पॅकिंगमधल्या बायका मला सीसीटीव्ही म्हणतात. म्हणू देत. ठेकेदाराकडे अर्धा जन्म काढल्यावर माणूस संशयी नाही होणार तर काय होणार? कंपनीत वरून कुणी गोड बोलायला लागलं की माझ्या डोक्यात पहिला विचार हाच येतो, आता हे आपलं काय काढून घेणार?

कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवते. मोठ्या शेडमध्ये मोल्डिंगच्या मशिनी, त्यांच्यावर पुरुष. पलीकडे पत्र्याच्या भिंतीआड पॅकिंग, तिथे आम्ही बायका. मशीनमधून झाकण पडलं की त्याच्या कडेला प्लास्टिकची बारीक झालर राहते. ती ब्लेडने काढायची, झाकणं खोक्यात भरायची, हे आमचं काम. ब्लेड चालवून चालवून माझ्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर झालीत. चहाचा ग्लास गरम आहे का ते मी डाव्या हाताने बघते. पण खरा फरक याहून मोठा होता. मशीनवरचा माणूस कंपनीचा, पॅकिंगमधली बाई ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, उद्यापासून येऊ नका, की विषय संपला. कुणाकडे जाऊन रडणार?

अशात कामगारांचं बघायला म्हणून ऑफिसात एक नव्या मॅडम आल्या. माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या असतील. तिकडच्या उत्तरेकडच्या, मराठी समजायचं, बोलायच्या मात्र अर्धं हिंदी, अर्धं मराठी. आल्या आल्या आम्हाला कॅन्टीनमध्ये गोल बसवलं आणि विचारलं, आप लोगों को यहाँ क्या तकलीफ है? अहो, तकलीफ सांगायला आम्ही काय वेड्या? सांगणारीचं तोंड लक्षात ठेवतात आणि पुढच्या महिन्यात ती दिसत नाही. मी म्हटलं, काही तकलीफ नाही मॅडम, फर्स्ट क्लास आहे सगळं. त्या माझ्याकडे बघून हसल्या. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

मग एकेक गोष्टी सुरू झाल्या. गेटवर सुटताना आमच्या पर्सा पुरुष वॉचमन उचकायचा, तिथे बाई आली. शेडच्या मागे लेडीज टॉयलेट बांधायला काढलं. इतकी वर्षं आम्ही अख्खं आवार ओलांडून ऑफिसच्या टॉयलेटला जायचो, तेही शिपायाकडून चावी मागून. टेबलावरची माझी शेजारीण खूश. मी तिला म्हटलं, "खुळे, नाचू नको. परदेशातलं गिऱ्हाईक येणार आहे, त्यासाठी चाललंय हे."

आणि तसंच निघालं. झाकणं घेणारी एक परदेशी कंपनी दसऱ्याच्या सुमारास कारखाना बघायला येणार होती. मोठी ऑर्डर होती. त्यांची अट म्हणे अशी की कारखान्यात बायकांना सगळीकडे जागा हवी, नुसती पॅकिंगमध्ये नको. घ्या! म्हणजे आमचा पुळका कुणाला आला नव्हता, गिऱ्हाइकाला दाखवायला बाई पाहिजे होती.

पुढच्याच आठवड्यात मॅडमनी मला बोलावलं. "मशीनवर काम करणार का?"

कशाला खोटं बोलू, मला ते हवंच होतं. त्या मशिनी मी रोज पत्र्याच्या फटीतून बघायचे. साचा बंद होतो, प्लास्टिकचा दाणा वितळून आत जातो, साचा उघडतो आणि झाकणं टपाटप पडतात. मला ते बघायला फार आवडायचं. पण तोंडावर मी काही दाखवलं नाही. विचारलं, "कंपनीच्या रोलवर का ठेकेदाराकडूनच?"

मॅडम म्हणाल्या, "अभी ट्रायल है. व्हिजिटच्या नंतर बघू."

व्हिजिटच्या नंतर! तिथेच माझ्या लक्षात आलं की पाणी मुरतंय. घरी जांभूळ गावात येऊन नवऱ्याला सांगितलं. तो तिथल्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर कामाला, त्याला सगळ्या सरकारी-खाजगी गोष्टी आधीच माहीत असतात. म्हणाला, "फोटो काढतील, हार घालतील आणि तोंडाला पानं पुसतील. तू तुझी ब्लेड सांभाळ." मला त्याचा राग आला, कारण माझ्याही मनात तेच होतं. पण मी हो म्हटलं. पत्र्याच्या फटीतून किती दिवस बघायचं?

मशीनवर गेल्यावर पहिला संशय आला तो सेटरवर. सेटर म्हणजे साचे बदलणारा, मशीनची उष्णता लावणारा जुना माणूस. शेडमध्ये त्याचाच शब्द चालायचा. मला ताई ताई करायचा, पण उष्णता लावायची वेळ आली की पॅनेलसमोर पाठ करून उभा राहायचा, मला बटणं दिसू नयेत म्हणून. त्याचा भाचा त्याच शेडमध्ये हेल्पर होता आणि या मशीनवर त्याचा डोळा होता, हे सगळ्यांना ठाऊक. मी पण कमी नाही. तो डावीकडे सरकला की मी डावीकडे, तो उजवीकडे की मी उजवीकडे. शेवटी एकदा वैतागून म्हणाला, "ताई, फुगडी घालायची आहे का?" मी म्हटलं, "घालू की, आधी ती बटणं दाखवा." पलीकडचे ऑपरेटर फिदीफिदी हसले आणि त्याला दाखवावी लागली.

दुसरा संशय बोर्डावरून आला. प्रत्येक मशीनला ऑपरेटरच्या नावाचा पत्र्याचा बोर्ड आहे, स्क्रूने बसवलेला. माझं नाव कागदावर छापून सेलोटेपने लावलं होतं. बायका म्हणाल्या, अगं येईल बोर्ड, घाई काय आहे? मी म्हटलं, सेलोटेप का लावतात ते मला कळतं.

पॅकिंगमधल्या बायकाही बदलल्या. डबा खायला मी गेले की बोलणं थांबायचं. माझी शेजारीण, जिच्याबरोबर मी इतकी वर्षं एका डब्यात जेवले, ती म्हणाली, "तुला मॅडमनी आमच्यावर लक्ष ठेवायला तर नाही ना तिकडे नेलं?" संशय घ्यायचा मक्ता माझा होता, आता माझ्यावरच उलटला. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी भाकरी तशीच परत नेली.

पाहुणे यायचे ठरले ते नेमके खंडेनवमीला.

आमच्याकडे खंडेनवमीला मशिनी बंद ठेवून त्यांची पूजा होते. आदल्या दिवशी सगळे आपापली मशीन घासूनपुसून ठेवतात. झेंडूचे हार, कुंकवाचं स्वस्तिक, पुढे केळी, पेढे. आणि ज्याची मशीन, तो तिच्यासमोर नारळ फोडतो. ही शेडची रीतच आहे. नवा ऑपरेटर कितीही महिने मशीनवर असू दे, त्याने खंडेनवमीला नारळ फोडला की मशीन त्याची झाली. मग त्याला कुणी हात लावत नाही, साहेबसुद्धा नाही. पॅकिंगमध्ये आम्ही टेबलांना हळदकुंकू वाहायचो, रांगोळी काढायचो, आणि नारळ फोडायला शेडमधला कुणीतरी पुरुष यायचा. बाईने नारळ फोडायचा नाही. माहेरी उल्हासनगरच्या कॅम्प पाचला नाही, सासरी जांभूळला नाही, कुठेच नाही. का, ते मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मग माझ्या मशीनचा नारळ कोणी फोडायचा?

सेटर म्हणाला, "ताई, काळजी नको. तुझ्यातर्फे मी फोडतो, नाहीतर भाचा फोडेल." एवढं गोड बोलला की माझं डोकंच सणकलं. भाच्याने फोडला म्हणजे मशीन कुणाची झाली? मॅडमना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्यांनी तबक सजवलं होतं, माझ्यासाठी कोरी साडी आणायला सांगितली होती, फोटोवाला बोलावला होता. म्हणाल्या, "आप तोडेंगी नारियल. पाहुण्यांसमोर. किती सुंदर फोटो येईल!" मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं चाललं होतं. फोटो काढायचा, पाहुण्यांना दाखवायचा, आणि दसऱ्यानंतर मी परत पत्र्याच्या पलीकडे. वर शेडमधले पुरुष म्हणणार, बाईने नारळ फोडला, आता मशीनला काही झालं तर हिच्यामुळेच.

नाही फोडला तर मशीन भाच्याची. फोडला तर फोटो मॅडमचा. मला मात्र दोन्हीकडून काहीच नाही.

खंडेनवमीला पाहुणे आले. एक उंच माणूस, एक पिकल्या केसांची बाई. दोघांच्या कपाळावर कुंकू लावलेलं. आमचा सेठ पुढे, चपला काढून, उपरणं घेऊन. तो उल्हासनगरचा सिंधी. एरवी मालवाल्यांशी दहा थापा मारेल, पण पूजेला उभा राहिला की मान खाली घालून उभा राहायचा, फोनसुद्धा दुसऱ्याकडे द्यायचा. एकेका मशीनवर नारळ फुटत आला. पाणी उडायचं, टाळ्या वाजायच्या. माझ्या मशीनपाशी सगळे येऊन थांबले. सेटरच्या हातात नारळ. मॅडमनी त्याला खूण केली, ताईंना द्या. तो देईना. पत्र्याच्या दारात पॅकिंगच्या सगळ्या बायका उभ्या. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

मी म्हटलं, "थांबा. मला आधी एक सांगा. उद्यापण ही मशीन माझीच का? कंपनीची बाई म्हणून, ठेकेदाराची नाही?"

मराठीतच म्हटलं, मोठ्याने. पिकल्या केसांच्या बाईने मॅडमना विचारलं, ही काय म्हणते? मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सेठकडे, आणि इंग्रजीत काहीतरी भरभर बोलल्या. मला इंग्रजी येत नाही, पण हॅपी म्हणजे काय ते कळतं. शी इज व्हेरी हॅपी! पाहुणीने हसून माझ्याकडे बघून मान हलवली.

असा राग आला मला! हीच ती मॅडम, गोल बसवून तकलीफ विचारणारी. तकलीफ सांगितली तर तिचं हॅपी करून टाकलं. माझा सगळा संशय खरा निघाला होता आणि त्यात मला जराही आनंद झाला नाही.

पण मी कॅम्प पाचची मुलगी आहे. लहानपणी आईबरोबर शेजारच्या सिंधी बाईच्या अंगणात पापड लाटायला बसायचे, तिची भाषा तिथेच कानावर पडली. कंपनीत हे कुणाला माहीत नव्हतं. मी सेठकडे वळले आणि त्याच्याच भाषेत विचारलं, "सेठ, सुभाणे बि हीअ मशीन मुंहिंजी आहे न?" उद्यापण ही मशीन माझीच ना?

सेठ दचकला. मशीनकडे बघितलं. समोर दिवा पेटलेला, उदबत्तीचा धूर, याच्या कपाळावर टिळा ओला. पाहुण्यांना एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे त्यांच्यासाठी बोलायचं कारण नव्हतं. जे बोलायचं ते देवासमोर आणि माझ्यासमोर. तो हळूच म्हणाला, "आहे. तुंहिंजी आहे." आणि सेटरकडे बघून हिंदीत म्हणाला, "दे दो नारियल. मशीन इसकी है."

सेटरने नारळ माझ्या हातात दिला. देताना पुटपुटला, "शेंडी मागे धर, आणि जोरात." पहिल्या दणक्याला फुटला नाही. मागून कुणीतरी हसलं. दुसऱ्यांदा मी इतक्या जोरात आपटला की पाणी माझ्या कोऱ्या साडीवर आणि मॅडमच्या बुटांवर उडालं. पत्र्याच्या दारातून माझी शेजारीण ओरडली, "शाब्बास गं!" आणि तिने टाळ्या सुरू केल्या. मग बाकीच्यांनी. मी रडले. सगळ्यांसमोर, खुशाल रडले.

सेठने शब्द पाळला. दिवाळीनंतर मला कंपनीचं कार्ड मिळालं. ऑर्डरही आली. पुढे पॅकिंगमधल्या आणखी एकीला मशीनवर घेतलं. मी मॅडमशी मात्र बोलायचं टाकलं होतं. त्या शेडमध्ये आल्या की मी दाण्याची गोणी उचलायला जायचे. हॅपी काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी त्या माझ्या मशीनपाशी आल्या. एकट्याच, खांद्याला मोठी बॅग. मला वाटलं, आता काय नवीन काढलं? म्हणून मीच आधी तोफ डागली, "त्या दिवशी हॅपी का म्हणालात?"

"सच बोलती तो ऑर्डर जाती," त्या म्हणाल्या. "ऑर्डर नसती, तर ही मशीनच बंद असती."

खरं असेल, नसेल. मला ते पटकन गिळवलं नाही. मी विचारलं, "आणि बॅग कसली?"

"जा रही हूँ. ऑर्डर येईपर्यंतच ठेवलं होतं मला." त्यांनी शेडवरून एकदा नजर फिरवली. पत्र्याची भिंत, नवं टॉयलेट, मशीनवरच्या आम्ही दोघी. "आप सब के लिए मैंने सब कुछ पूछा," त्या म्हणाल्या. "अपने लिए पूछना याद ही नहीं रहा."