स्टोअररूममधला कीबोर्ड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. बंगळुरूच्या मुलाला, निखिलला, ठाऊक नाही. ह्यांना तर नाहीच. काम मागे ठेवणं माझ्या स्वभावात नाही. हे मात्र किती वर्षं मागे ठेवलंय.

हे फौजेतून जयपुरात निवृत्त झाले आणि आम्ही तिथेच, प्रताप नगरला घर केलं. वर्षाच्या आत ह्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. उजवा हात लुळा पडला. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, बोटांना आवडीचं काही द्या.

निखिलचा जुना गेमिंग कॉम्प्युटर घरात पडून होता — अवजड, आणि चालू केला की खोली तापवणारा. इथल्या मे महिन्यात तो ह्यांच्या उशाशी कसा ठेवणार? मी तो स्टोअररूममध्ये हलवला. निखिलने फोनवरून सांगितलं, "आई, मतलब गेम तिकडेच चालेल, बाबांच्या लॅपटॉपवर फक्त दिसेल. वायर सीधी राउटरला लाव." एका दुपारीत जमवलं. हे पलंगावर बसून लॅपटॉपच्या बाणांच्या कळा दाबायचे आणि मोटारींची शर्यत खेळायचे. उजव्या हाताने.

आधी भिंतीवर आपटायचे. मग वळायला लागले. मग चक्क जिंकायला.

"मॅडम," एकदा मोठ्याने म्हणाले, "दिवाळीला साताऱ्यापर्यंत गाडी मी चालवणार! घराचा चार्ज परत माझ्याकडे!"

मी हसले. हसले का खरंच?

बघा, मी अजून वळसेच घालतेय.

स्टोअररूममध्ये त्या कॉम्प्युटरला त्याचा कीबोर्ड आणि जुना मॉनिटर जोडलेला होता. ह्यांची गाडी त्यावरही धावताना दिसायची. मी पापडाचा डबा काढायला गेले होते. कीबोर्ड समोरच होता — मी डावा बाण दाबला. एकदाच. गाडी कठड्यावर. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "अरेच्चा!"

मला हसू फुटलं. तोंडावर पदर धरून हसले.

दुसऱ्या दिवशी पापड नको होते. तरी गेले. मग रोजच. आणि मी कामात पद्धतशीर — कधी दाबायचं तेही शिकले. सुरुवातीला नाही. शेवटच्या वळणापर्यंत जाऊ द्यायचं, आनंदाने ओरडू द्यायचं, मग बाण.

"अगं, मी सांगतो उजवीकडे, बोटं जातात डावीकडे," हे म्हणायचे. मी त्या बोटांना तेल चोळायची. "होईल हो. घाई कशाला?" — हे मीच म्हणायची, त्याच तोंडाने.

फिजिओथेरपीवाल्या बाई पकड तपासून म्हणाल्या, "सर, हात तो एकदम ठीक है." ह्यांनी मान हलवली. "नहीं मॅडम, बोटं फितूर झालीत माझी." मी शेजारी उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी चहा आणायला आत गेले.

का केलं? तीस वर्षं ह्यांच्या बदल्यांमागे ट्रंका भरल्या म्हणून? छे. ते कारण मी नंतर शोधून काढलं. त्या वेळी मला मजा येत होती. एवढा मोठा माणूस, आणि माझ्या एका बोटाने भिंतीवर आपटत होता.

दिवाळीच्या आधी ह्यांनी लॅपटॉप मिटला. गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "चार्ज तुझ्याकडेच राहू दे." मी किल्ली खिळ्याला अडकवली. कॉम्प्युटर कबाडीवाल्याला दिला.

तेव्हापासून गाडी मी चालवते. हे शेजारी बसतात, डाव्या हाताने उजवा हात मांडीवर दाबून धरतात — मध्येच काही करेल म्हणून.

परवा लोणच्याच्या बरणीचं झाकण मला निघेना. हे पेपर वाचत होते. नजर न काढता त्यांनी बरणी ओढून घेतली आणि उजव्या हाताने एका झटक्यात झाकण फिरवलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं. घाबरले. झाकण परत अलगद बसवलं आणि बरणी माझ्यापुढे धरली.

"तूच उघड. माझ्या हातून सांडेल."

मी घेतली.