अ‍ॅम्प्लिफायरची वेणी

माझ्या मेव्हण्यानं मला फसवलं. संतोष, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, लातुरात फिजिक्स शिकवतो. आज त्याच्या क्लासचं नाव पार उमरीपर्यंत पोचलंय, आणि त्या नावात माझा वाटा किती, हे तो कुणालाही सांगत नाही.

भूकंप होऊन गेला होता. स्लॅबखाली बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून संतोषनं पत्र्याचं शेड घातलं. बरी नोकरी सोडून आलेला. पहिलं वर्ष बुडालं तर परत दुसऱ्याच्या दारात उभं राहणं आलं. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मी शिकलो तो जुने रेडिओ उघडून आणि शिव्या खाऊन. (घासाघीस इतकी करायचो, की नांदेडचा पार्टवाला मला पाहिलं की शटर ओढायचा!) म्हटलं, क्लासच्या माईकला विकतचा अ‍ॅम्प्लिफायर कशाला? मी बांधतो!

बांधला. दुपारभर वाजवला. आवाज खणखणीत, अंगाला हात लावावा तर नुसता कोमट. संतोषला बजावलं, "माईकची वायर इकडून, स्पीकरची तिकडून. जवळ येऊ द्यायच्या न्हाईत. सासू-सून समज!"

"हाव दाजी."

उद्घाटनाला शेड पोरांनी आणि पालकांनी गच्च भरलं. मी पुढच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. संतोष बोलायला लागला आणि जरा वेळानं गुरगुर सुरू झाली. खोल, पायाखालून आल्यासारखी. पत्रे थरथरले. तो आवाज तेव्हा लातुरात कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

"पळा!"

शेड रिकामं! बाहेर मैदानात सगळे जमिनीकडे बघत उभे. चाकूरहून आलेल्या एका बापानं पोराचं मनगट असं आवळलं होतं, की पोराची बोटं पांढरी पडली. मी खाली बसून मातीवर तळवा टेकवला. माती गप्प होती. गुरगुर येत होती ती शेडातून, आणि आत एकटा संतोष माईकवर ओरडत होता, "बसा! काही न्हाई! बसा!"

माझं डोकंच सणकलं. आत गेलो. अ‍ॅम्प्लिफायरवर क्रोशाचं कव्हर! (आमच्या घरात मिक्सरलासुद्धा आहे.) ते उपटलं, हात लावला, आणि बोट भाजलं! माईकचं बटण बंद केलं, तरी गुरगुर चालूच. माईकची पिन उपटली, थांबली. म्हणजे खोट माईकात नाही, त्याच्या वायरीत. वायर धरून मागं मागं गेलो, आणि बघतो तर दोन्ही वायरींची घट्ट वेणी! बाहेर जाणारा आवाज चोरवाटेनं परत आत शिरत होता. यंत्र स्वतःशीच गुरगुरत, फुकट राबत तापत होतं.

"कुणी केलं हे?"

"मी," बायको दारातून म्हणाली. "मोकळ्या लोंबत होत्या. शुभ दिवशी बरं दिसतं का? पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुणे पळाले की!"

"अन् तुमी?"

(ह्या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं.)

"दाजी, बुडवलं मला," संतोषचा आवाज बसला होता. बाहेरून चाकूरवाले म्हणाले, "मास्तर, शिकवायचं तर हितंच शिकवा. पोरगं आत न्हाई पाठवणार."

मी वेणी सोडली, स्टुलासकट सगळं मैदानात नेलं, वायरी दोन दिशांना केल्या, पिन लावली. खणखणीत! संतोषनं उघड्यावर शिकवलं. रस्त्यानं जाणारे पालक थांबले. दुसऱ्या दिवशी आणखी आले. डोक्यावर पडायला काहीच नाही असा क्लास त्यांना दुसरा कुठं मिळणार? वर्ष तरलं.

आता सत्कारात संतोष सांगतो, "मोकळ्या मैदानात शिकवायचं, ही माझी दूरदृष्टी!" दूरदृष्टी? तू तर आत 'बसा, बसा' करत होतास! त्या पोरांना मैदानाची वाट दाखवली कुणी? पुढच्या रांगेत बसूनसुद्धा दारातून सगळ्यात आधी, एका पायात चप्पल घालून, बाहेर पडलं कोण? संतोष, पुढच्या सत्काराला माईक हातात घे आणि ह्याचं उत्तर दे!