प्रेमराजची बहिरी माय

साक्रीपासून धुळ्यापर्यंत लोक आमच्या प्रेमराजला अहिराणीचा वाघ म्हणतात. म्हणोत बापडे. मी रत्ना, त्याची थोरली चुलतबहीण, भिंतीला भिंत लागून राहते. या वाघाचं घरातलं म्याऊ म्याऊ मला रोज ऐकू येतं.

बोलीचं संमेलन कुठेही भरो, पिंपळनेरला, धुळ्याला, पार यावलपर्यंत, हा गळ्यात उपरणं टाकून हजर. शर्टाच्या कॉलरला लावायचा माइक त्याने स्वतःचा विकत घेतलाय, लोकांच्या माइकवर त्याचा विश्वास नाही. "अहिराणी आमनी माय शे!" अशी आरोळी ठोकायची, सरकारने तिला भाषेचा दर्जा द्यावा असा ठराव मांडायचा, टाळ्या घ्यायच्या, शाल घ्यायची. मग घरी येऊन बायकोला सांगायचं, "लता, आईच्या खोलीचं दार लोटून घे, तिचा आवाज रस्त्यावर जातोय." मागच्या जनगणनेला बाई विचारायला आली, तेव्हा याच वाघाने दारात उभं राहून मातृभाषा मराठी असं सांगितलं. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, दोन्ही कानांनी ऐकलं.

हा जन्मला पिंपळनेरजवळच्या खेड्यात. धुळ्याला कॉलेजात गेला, तिथे पहिल्याच आठवड्यात वर्गातली पोरं त्याच्या बोलण्यावर हसली. बस्, तेवढं हसणं या गड्याने जन्मभर उराशी धरलं. पुढे कचेरीत कारकून झाला आणि कचेरीतलीच मराठी घरात घेऊन आला. जेवायला बसला की म्हणायचा, "सदर भाजीत मीठ कमी आहे." लताबाई बिचारी मिठाची बरणी पुढे सरकवायची. चारचौघांत मायला 'आई' म्हणायचा, एकटा असला की 'माय'. निवृत्तीच्या सुमारास त्याला समजलं की आता बोलीला भाव आलाय, व्यासपीठ मिळतं, पेपरात फोटो येतो. मग काय, एका रात्रीत वाघ.

त्याची माय म्हणजे माझी तानुबाई काकू. तिला अहिराणीखेरीज दुसरं काही येत नाही आणि आलं नाही म्हणून तिचं काही अडलंही नाही. सांगते काय, बाई बोलायला लागली की शेजारच्या चार घरांतल्या बायका कामं टाकून यायच्या. कोणाची नक्कल करेल, कोणाला टोमणा मारेल, हसून हसून पोट दुखायचं.

तर स्वप्नीलचं, म्हणजे प्रेमराजच्या पोराचं, लग्न ठरत होतं. मुलगी पुण्याची, मेघा नाव, चांगली शिकलेली. पाहुणे बैठकीत बसलेले, चहा झालेला. काकू आतून हौसेने बाहेर आली, मुलीकडे बघून तोंड उघडणार, तेवढ्यात प्रेमराज ताडकन उठला आणि म्हणाला, "आईला ऐकू येत नाही हो. अजिबात नाही. तुम्ही त्रास घेऊ नका." काकूचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. पाहुण्यांनी हात जोडले, मान हलवून हसले. झालं, म्हातारी बहिरी झाली.

पाहुणे गेल्यावर याने तिचे पाय धरले. "माय, फक्त लगीन व्हवू दे." नातवाचं लग्न मोडायला नको म्हणून काकू कबूल झाली. लग्न झालं. मग म्हणाला, सुनेचे पहिले सण होऊ देत. सण झाले. मग म्हणाला, बाळंतपण होऊ दे, आता मध्येच काय सांगायचं, लोक हसतील. लोक हसतील! या माणसाच्या सगळ्या आयुष्याचं सार एवढंच. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होते, पण काकूने मला स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली. म्हणून दात आवळून गप्प बसले. घरच्यांना आणि गल्लीतल्या बायकांनाही तिनेच गप्प केलं.

काकू मग दुपारी मागच्या दाराने माझ्याकडे यायची आणि दिवसभर साठलेलं बोलून घ्यायची. मेघा वाईट नव्हती हं. उलट पोर गुणाची. "आजी, पाणी?" असं हाताने खुणा करून विचारायची, ताट स्वतः नेऊन द्यायची. सासूशी खटका उडाला, नवऱ्याशी भांडण झालं, की म्हातारीशेजारी येऊन बसायची आणि बहिरी बाईपाशी बोलायला काय हरकत म्हणून सगळं मन मोकळं करायची. काकू भिंतीकडे बघत बसायची. काय ऐकलं ते तिने मलासुद्धा कधी सांगितलं नाही.

मग मेघाला मुलगी झाली आणि काकूचा धीर सुटला. पोर पाळण्यात रडायची आणि ही जवळ बसून नुसती पाळण्याची दोरी ओढायची. बोलायचं नाही, गायचं नाही. माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. "रत्ना, पोर माले मुकीच समजी वं." सांगा, या वयाच्या बाईला आपल्या पणतीशी बोलायची चोरी. प्रेम्याला तेव्हा ठराव सुचला नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद एका घरी जमतात, नारळाची देवी सजवून चौरंगावर मांडतात, गव्हाच्या जाडजूड रोटांचा नैवेद्य असतो आणि बायका गाणी म्हणतात. आमच्या कुळात पहिली ओळ घरातल्या सर्वांत थोरल्या सुनेने उचलायची, तिच्याआधी कोणी तोंड उघडायचं नाही. थोरली सून म्हणजे काकू. एरवी याला कानबाईची आठवण नव्हती, पण यंदा वाघाने थाट केला. धुळ्याहून संमेलनाची मंडळी बोलावली, रेकॉर्डिंगला माणूस, अंगणात मांडव, मांडवात कर्णा. मेघाचे आईवडीलही आलेले. लताबाई म्हणाली, "अहो, बहिरी बाई गाणार कशी?" हा म्हणतो, "गाणी तोंडपाठ आहेत, त्याला ऐकू कशाला यायला हवं?" बघा, डोकं कसं तेवढ्यापुरतं चालतं.

दिवेलागणीला प्रेमराजने कॉलरला माइक लावून भाषण झोडलं. बोली म्हणजे आपली माय, मायला घराबाहेर काढू नका, असं म्हणताना त्याने उपरण्याने डोळे टिपले. मला किळस आली. भाषण संपलं, त्याने काकूला हाताने खूण केली. काकू देवीपुढे बसलेली, हलली नाही. त्याने पुन्हा खूण केली. काकूने आपल्या कानाला हात लावला आणि मान हलवली. बायका थांबलेल्या, पाहुणे थांबलेले, देवीपुढचा धूर तेवढा चाललेला. रेकॉर्डिंगवाला घड्याळ बघायला लागला.

वाघाला घाम फुटला. तो वाकला आणि काकूच्या कानात कुजबुजला. माइक काढायचं भान कुठलं! सगळ्या गल्लीने कर्ण्यातून ऐकलं, "माय, तुले बठ्ठं ऐकू येस. मी सांगेल व्हतं म्हणून गप बसनी, माले माहीत शे. आते म्हण ना वं, मनी इज्जत जास."

मेघाचे वडील प्रेमराजकडे बघत राहिले. मेघा पोरीला कडेवर घेऊन पुढे आली, तिचा चेहरा उतरलेला. "आजी, तुम्हाला ऐकू येतं? पहिल्यापासून?"

"ऐकू येस, माय," काकू म्हणाली.

"मग मी तुमच्याजवळ बसून जे जे बोलले..."

"कोनले सांगं नही." काकूने हात पुढे केले. "आन, पोरले माले दे."

मेघाने पोर तिच्या मांडीवर दिली आणि तिथेच तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. रेकॉर्डिंगवाला लगबगीने पुढे आला, तसा काकूने त्याला हात दाखवला आणि लेकाकडे न बघता म्हणाली, "हाई उचल आठून. कानबाईकरता म्हणसू, त्यानाकरता नही." माइक गेला, कर्णा बंद झाला. मग काकूने पोरीला छातीशी धरून पहिली ओळ उचलली आणि आम्ही बायकांनी ती झेलली.

आता त्या घरात दिवसभर काकूचा आवाज असतो. मेघा पुणेरीत विचारते, काकू अहिराणीत उत्तर देते, दोघींचं मस्त जमतं. पोरगीही आता 'माय, माय' करत काकूच्या मागे रांगते. प्रेमराज अजून संमेलनांना जातो, आणि सांगायलाही लाज वाटते, कानबाईच्या दिवशीची हकीकत 'मी घरात बोली परत आणली' म्हणून रंगवून सांगतो. त्यावर एक शालही मिळाली.

फक्त त्याच्याशी काकू बोलत नाही. परवा तो ओट्यावर उभा राहून हाका मारत होता, "माय! वं माय! जेवाले वाढस का?" अगदी लहानपणी मारायचा तशी हाक, आसपास एकही पाहुणा नव्हता. काकू समोरच बसून पोरीला भात भरवत होती. तिला काही ऐकू आलं नाही.