लिओन्सिओच्या सात सोंगट्या

लिओन्सिओची खुर्ची माझ्या वजनाने मोडली. हे आधीच सांगून टाकतो, कारण वसाहतीत या प्रसंगाच्या निरनिराळ्या हकिकती फिरताहेत आणि त्यातल्या एकीत मी प्यालेला होतो. मी प्यालेला नव्हतो. मी माझ्या दुकानातून बाहेर येत होतो. एका हातात थंड बिअरची बाटली, दुसऱ्या हातात तळलेल्या केळ्यांची बशी आणि मान मागे, कारण आतून बायको काहीतरी विचारत होती. बायकोला उत्तर देताना पुढे बघणं मला आजवर जमलेलं नाही. तर मागे बघत बघत मी माझ्या खुर्चीत बसलो, आणि ती माझी खुर्ची नव्हती.

प्लॅस्टिकचे चार पाय चार दिशांना गेले. खाली जाता जाता मी टेबल धरलं, तर टेबलाने माझीच बाजू घेतली आणि तेही कललं. केळी चेपे न्हाव्याच्या मांडीवर गेली. आणि टेबलाच्या त्या कडेला पालथ्या मांडून ठेवलेल्या डॉमिनोच्या सात सोंगट्या घसरून माझ्या पोटावर पडल्या. उताण्या.

कोणी हसलं नाही. मी पडलो आणि चेपे हसला नाही, म्हणजे काय झालं असेल ते बघा.

त्या सोंगट्या लिओन्सिओच्या होत्या, आणि लिओन्सिओला जाऊन चार वर्षं झाली होती.

आमचा डाव दुकानापुढच्या बदामाखाली चालतो. समोरासमोर बसलेले दोघे एका बाजूचे. मी आणि चेपे एकीकडे, अन्सेल्मो फिप्स आणि लिओन्सिओ दुसरीकडे. लिओन्सिओ गेल्यावर आम्ही चौथा गडी बघायला लागलो, पण अन्सेल्मोने ऐकलं नाही. तो लिओन्सिओच्या वाटणीच्या सोंगट्या त्याच्या खुर्चीपुढे पालथ्या मांडायचा, आणि त्याची पाळी आली की त्याच्या वतीने टेबलावर बोटांची पेरं आपटायचा. ठक ठक. आमच्यात असं ठोकलं म्हणजे "माझ्याकडे लावायला काही नाही, पुढे चला." डाव संपला की त्या सोंगट्या तो पालथ्याच मिसळून टाकायचा. त्या कधी कोणी पाहिल्या नाहीत. सवय झाली असं आम्ही एकमेकांना सांगायचो, पण तो आवाज झाला की चेपे अजूनही खांद्यावरून मागे बघायचा. मी बघत नसे. मी दुकानाच्या काचेत बघायचो, त्यात मागचं दिसतं.

ठोकण्याचा नियम आमच्याकडे फार कडक आहे. लावण्याजोगी सोंगटी हातात असताना ठोकलं, तर त्याहून नीच काम दुसरं नाही. बायको सोडून गेलेल्याला लोक माफ करतात, या माणसाला नाही. चेपेच्या सासऱ्याच्या हातून एकदा हे झालं होतं. म्हातारा पुढे पुष्कळ वर्षं जगला, पण त्याच्या मयताला आलेले लोक रडता रडता तीच गोष्ट सांगत होते.

तर मी आडवा होतो. टेबलावरच्या रांगेला दोन्ही टोकांना पाच होते, म्हणजे पाच असलेली कुठलीही सोंगटी लागली असती. चेपे माझ्या पोटावर वाकला.

"दुहेरी पाच," तो म्हणाला. "पाच-एक. पाच-तीन..." आणि थांबला.

कारण जरा वेळापूर्वी याच पाचांवर अन्सेल्मोने लिओन्सिओसाठी ठोकलं होतं.

अन्सेल्मो माझ्या पोटाकडे बघत राहिला. माझ्या पोटाकडे लोक अनेक प्रकारे बघतात, पण असं कोणी बघितलेलं नाही. मग त्याने त्या सोंगट्या एक एक करून उचलल्या, शर्टाच्या खिशात टाकल्या आणि घरी निघून गेला. अर्धा डाव टाकून उठलेला अन्सेल्मो मी पहिल्यांदाच पाहिला.

अन्सेल्मो बेसबॉलमधला कॅचर होता. फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवं बसून ज्याची उमर जाते तो माणूस. गुडघे केव्हाच गेले, पण बसण्याची सवय गेली नाही. बसची वाट बघताना उकिडवा, नातवाच्या बारशाला उकिडवा, एकदा चर्चमध्येही बसला तर पाद्रीबाबांना वाटलं याचं काही पडलं. बोलणं कमी. कॅचर चेंडू फेकणाऱ्याशी बोटांच्या खुणांनीच बोलतो, त्यामुळे लग्नात होकारसुद्धा त्याने बोटांनीच दिला असेल, असं चेपे म्हणतो. हात मात्र असे स्थिर, की डोळ्यात कचरा गेला तर अख्खी वसाहत डॉक्टर सोडून त्याच्याकडे जाते.

त्या स्थिर हातांमुळेच सगळं झालं. हिवाळी लीगमध्ये दोघे एका खोलीत राहायचे. लिओन्सिओ त्या काळी सडपातळ, चेंडू जेमतेम कुंपणापर्यंत. मग एका मोसमात त्याचे खांदे दारातून तिरके न्यावे लागू लागले. टोपी बसेना. त्याने मारलेला एक चेंडू साखर कारखान्याच्या काकवीच्या हौदात पडला आणि आम्ही महिनाभर गोडाचा चहा त्या चेंडूच्या नावाने प्यायलो. अंग फुगवणारं ते औषध जनावरांच्या औषधांच्या दुकानातून यायचं. बाटलीवर घोड्याचं चित्र. स्वतःला टोचायला लिओन्सिओचा हात कापायचा, म्हणून सुई अन्सेल्मो धरायचा. वसाहतीत हे प्रत्येकाला थोडं थोडं ठाऊक होतं. पूर्ण कोणालाच नको होतं.

लिओन्सिओ एके सकाळी ओट्यावर बूट घालता घालता गेला. एक नाडी बांधलेली, दुसरी हातात. एवढ्या मोठ्या छातीत काळीज बंद पडलं, यावर त्याच्या बायकोचा, मिलेदिसचा, अजून विश्वास बसलेला नाही.

त्यानंतर राधामेस बोलला. राधामेस त्याच संघाचा पिचर, चेंडू फेकणारा. त्याने रेडिओवर सरळ सांगितलं, आम्ही सगळे टोचून घ्यायचो, मी घेतलं, लिओन्सिओने घेतलं, तो त्यानेच गेला, आणि आज पोरांना तेच टोचताहेत. रेडिओवाल्यांनी लगेच अन्सेल्मोला फोन लावला. खरं आहे का? अन्सेल्मो म्हणाला, "मला काही ठाऊक नाही."

एवढ्या चार शब्दांवर राधामेस खोटा ठरला. त्याच्या दारावर कोणीतरी शेण मारलं. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. आता तो मोटरसायकलवरून लोकांना सोडतो, आणि घाईत असलेला माणूससुद्धा त्याची गाडी जाऊ देऊन दुसरी थांबवतो. माझ्या दुकानात बर्फ घ्यायला येतो तेव्हा बदामाखाली कोणी बसलं नाही ना, ते आधी बघतो.

खुर्ची मोडली त्याच आठवड्यात लिओन्सिओचा शर्ट मैदानावर कायमचा टांगायचा समारंभ होता. त्या शर्टावरचा आकडा पुन्हा कोणाला द्यायचा नाही. मिलेदिसने यासाठी संघाच्या कचेरीचे किती उंबरे झिजवले ते मी पाहिलं आहे. संघाची अट एकच, बोलायचं अन्सेल्मोने, आणि बकरीची गोष्ट सांगायची. लिओन्सिओचा चेंडू बकरीच्या शिंगांत अडकतो आणि बकरी तो घेऊन मैदानभर पळते, ती गोष्ट. उत्तम आहे. मी ती लग्नांतून स्वतःची म्हणूनही सांगितलेली आहे.

समारंभाला जाताना मिलेदिसने अन्सेल्मोची कॉलर नीट केली. "कोंपाद्रे," ती म्हणाली. तिच्या मुलीचा तो धर्मपिता, म्हणून सख्ख्या दिरापेक्षा जवळचा. "कोंपाद्रे, बकरीला जरा रंगवा हं. त्यांना ती फार आवडायची."

"बकरी सांग, टाळ्या घे, खाली ये," मी म्हणालो. "यात चुकायला जागाच नाही."

"तू खुर्चीत बसतानाही चुकतोस," चेपे मला म्हणाला.

अन्सेल्मो पुढे चालू लागला. त्याच्या खिशात काहीतरी खुळखुळत होतं.

दुपारचं ऊन, ढोल, तुताऱ्या, शेंगदाणेवाले. दोरीला बांधलेला शर्ट दोघांनी हळूहळू वर ओढायला घेतला आणि अन्सेल्मो माइकपुढे उभा राहिला. सवयीने तो आधी उकिडवा बसायला गेला, लोक हसले, म्हणून सावरला. बकरीची गोष्ट त्याने सुरू केली. चांगली सांगत होता. बकरी पळाली, पंच तिच्यामागे पळाला, लोक बाकं बडवत होते. आणि मग तो म्हणाला,

"राधामेस खरं बोलला होता."

ढोल एकदम थांबला नाही. त्या माणसाला ऐकूच आलं नसावं. तो एकटाच वाजवत राहिला, शेजाऱ्याने हात धरेपर्यंत.

"मला विचारलं तेव्हा ठाऊक नाही म्हणालो. ठाऊक होतं. सुई मीच धरत होतो. याच हाताने. त्याला पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, ते मला दिसलं होतं. तरी धरली. आता इथल्या पोरांना कोणी टोचत असेल, तर त्याने माझ्याकडे बघावं."

झालं, एवढंच. मग बर्फाचे पेले पडायला लागले. त्याच्यावर कमी, आसपास जास्त. आमच्या लोकांचा नेम तसाही कधी चांगला नव्हता. दोरी ओढणारे दोघे थबकले होते. शर्ट अर्ध्यावरच राहिला. समुद्राकडून वारा आला आणि तो शर्ट भरला. खांदे भरले, छाती भरली, बाह्या जरा पुढे आल्या. वरून मान तेवढी नव्हती. एवढी माणसं होती, पण त्या वेळी एकालाही वर बघवेना. चेपेने माझा दंड धरला होता. त्याची बोटं दुसऱ्या दिवशीही माझ्या दंडावर होती.

मिलेदिस पुढे गेली. त्या दोघांच्या हातून दोरी घेतली, शर्ट खाली उतरवला, बाह्या आत घेऊन घडी केली आणि छातीशी धरून निघाली. अन्सेल्मोजवळून जाताना थांबली.

"सेन्योर फिप्स," ती परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "वाट सोडा."

त्याने सोडली.

संघाने तो आकडा एका नव्या मुलाला दिला. मिलेदिस आता पलीकडच्या दुकानातून साखर आणते. माझ्या दुकानापुढे कोण बसतो ते तिला ठाऊक आहे. काही लोक अन्सेल्मोशी बोलत नाहीत, डोळ्यात कचरा गेला तर चोळत बसतात. राधामेस एकदा बदामाखाली माणसं असताना बर्फ घ्यायला आला. अन्सेल्मोपाशी थांबला.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"केला," अन्सेल्मो म्हणाला.

राधामेसने बर्फ गाडीला बांधला आणि गेला. पुन्हा येईल तेव्हा येईल. मी त्याच्याकडून बर्फाचे पैसे घ्यायला विसरलो आणि त्यानेही आठवण केली नाही.

डाव चालू आहे. खुर्ची मी नवीन आणली, लाकडी, मला पेलेल अशी, तरी तिच्यात बसत नाही. फरक एकच झालाय. अन्सेल्मो आता लिओन्सिओच्या सोंगट्या उताण्या मांडतो आणि त्याची पाळी आली की त्याच्या वतीने नीट बघून लावतो. आम्हाला त्या सगळ्या दिसतात, तरी लिओन्सिओ आम्हाला हरवतो. चेपेचं म्हणणं, जिवंतपणीही तो एवढा चांगला खेळत नव्हता. ठकठक क्वचितच होते, आणि झाली की आता मीही मागे बघतो. काचेत बघायचं मी सोडून दिलं आहे.

परवा चेपे गिऱ्हाइकाकडे गेला होता. मी आणि अन्सेल्मो दोघेच होतो, म्हणजे तिघे. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा रे, बकरी सांगून खाली आला असतास तर काय बिघडलं असतं? शर्ट वर गेला असता. मिलेदिस तुझ्याशी बोलत राहिली असती. चार वर्षं गप्प होतास, आणखी चार राहिला असतास. तो काय उठून विचारणार होता?"

अन्सेल्मोने लिओन्सिओच्या रांगेतली एक सोंगटी सरळ केली.

"पाच त्याच्याकडे होते, उबाल्दो, आणि ठोकत मी होतो."