बोटीवरची आंघोळ

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे. खरं सांगायचं तर प्रत्येकाखाली मनातल्या मनात कारणं लिहीत आलो आहे... अपुरी झोप, ताप, योगायोग. स्वतःचं काही लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आई जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून हे लिहितो आहे आणि खोडतो आहे.

आम्ही क्राइस्टचर्चला, रिकार्टनमध्ये राहतो — मी, माझी बायको मुक्ता आणि मुलगी इरा. इरा तेव्हा अकरा वर्षांची होती. त्या वर्षी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. जुलैतल्या शाळेच्या सुट्टीत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, मुक्तानं एक लाँच भाड्यानं ठरवली. पाच दिवस बोटीवरच राहायचं, झोपायचं, स्वयंपाकही तिथंच. मुक्ता दोन वर्षं बोट चालवण्याच्या क्लासला जात होती. आईला भारी मजा वाटत होती.

"सुमनला सांगितलं," ती गाडीत म्हणाली. "तर म्हणते, ताई, तुला पोहता येत नाही आणि सून कप्तान. पाच दिवस तोंड सांभाळून राहा."

"मावशींना म्हणावं, मी फार तर निम्म्या वाटेत सोडीन," मुक्ता म्हणाली.

सुमनमावशी ही आईची एकुलती एक धाकटी बहीण. दोघी रोज फोनवर बोलायच्या, रोजच्या भाजीपर्यंत.

आम्ही शुक्रवारी पिक्टन बंदरात मुक्काम केला. शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास धक्क्यावर सामान चढवत होतो. रात्रीपासून दक्षिणेचा वारा सुटणार होता, म्हणून दुपारच्या आत आडोशाच्या खाडीत पोचायची घाई होती. तेवढ्यात संदीपचा, माझ्या मावसभावाचा, मेसेज आला.

"दादा, आई गेली. रात्री हार्ट अटॅक. सकाळी दहाला नेणार आहोत. मावशीला व्हिडिओ कॉल लावू का? चेहरा दाखवतो."

मी मान वर केली. आई लाइफ जॅकेट घालून धक्क्यावर उभी होती आणि इरा तिचे फोटो काढत होती. "आजी, यू लुक लाइक अ पम्पकिन!" आई हसत होती. मुक्ता आत इंजिन तपासत होती.

मी लिहिलं, "आत्ता नको. आम्ही प्रवासात आहोत. मी नंतर सांगतो."

मग मी आईचा फोन मागून घेतला. पाण्यात पडेल, खाडीत रेंज नसतेच, असं म्हणून तो गाडीत ठेवला आणि गाडी लॉक केली. मुक्तालाही काही सांगितलं नाही.

परक्या देशात, पाण्यावर, तिला धक्का बसेल, असं मी स्वतःला समजावलं. ते खरं नव्हतं. आईला कळलं असतं तर आम्ही परत फिरलो असतो आणि मला परत फिरायचं नव्हतं. व्हिडिओ कॉलला दहा मिनिटं लागली असती. फक्त दहा.

क्वीन शार्लट साउंड या समुद्राच्या लांब फाट्यातल्या एका छोट्या खाडीत आम्ही बाराच्या आत पोचलो आणि बोट तिथल्या तरंगत्या बोयाला बांधली. आसपास एकही घर नाही, दुसरी बोट नाही. फोनला रेंज नाही. वारा मात्र रात्रीची वाट न बघता तीनलाच आला. डोंगरावरून झोत खाली यायचा, पाणी पांढरं व्हायचं, बोट दोराला हिसका द्यायची. कपाटातल्या बश्या खडखडत होत्या. इरा गोधडीत शिरून पुस्तक वाचत होती. आई तिच्याशेजारी टेबलाशी बसली होती, डोळे मिटून. मी घड्याळ बघत होतो. आपल्याकडचे दहा म्हणजे इथले साडेचार.

साडेचारला आईनं डोळे उघडले.

"मुक्ता, मला डोक्यावरून पाणी घ्यायचंय."

"आत्ता? आई, सकाळी आंघोळ करून निघालात ना. उभं राहवत नाहीये इथं. आणि टाकीतलं पाणी पाच दिवस पुरवायचंय."

"दोन तांबे दे. बास."

"थांबा, गरम तरी करून देते."

"नको. आहे तसं दे."

कपाटाएवढ्या त्या न्हाणीघरात, बोट हेलकावत असताना, तिनं जुलैतलं ते गार पाणी डोक्यावर घेतलं. मुक्ता दाराशी तिला धरून उभी होती. बाहेर आली तेव्हा आई थरथरत होती. इरानं आपली गोधडी तिच्या अंगावर टाकली. "आजी, आर यू ओके?"

"सुमन गेली," आई म्हणाली.

मग मी बोललो. "काहीतरी काय बोलतेस! डोळा लागला असेल तुझा. कालच संदीपशी बोलणं झालंय माझं. ठणठणीत आहे मावशी."

आई माझ्याकडे बघत राहिली. "आली होती रे. इथं इराच्या पायाशी टेकली. उजव्या हाताला प्लास्टर होतं. म्हटलं, बस, चहा टाकते. तर म्हणाली, नको ताई, खाली थांबलेत सगळे."

माझ्या अंगावर काटा आला, हे खरं. पण त्याच क्षणी मला सुटल्यासारखंही वाटलं, कारण प्लास्टर. मावशीला हार्ट अटॅक आला होता. प्लास्टरचा काय संबंध? म्हणजे हे स्वप्नच. माझा चेहरा बघून आईला काहीतरी जाणवलं असणार आणि बाकीचं मनानं जोडलं. मी चक्क हसलो. "बघ! प्लास्टर कुठून आलं?"

"संदीपला फोन लागतो का बघ," ती म्हणाली.

"रेंज नाही आई."

"लागला की सांग मला."

वारा तीन दिवस तसाच राहिला. त्या तीन दिवसांत आईनं डबीतला बाळकृष्ण बाहेर काढला नाही. मुक्तानं इरासाठी शिरा केला, त्याला आईनं हात लावला नाही. रडली नाही. रोज एकदा, मुक्ता आणि इरा पुढच्या खोलीत असताना, मला विचारायची, "काही सांगायचंय का मिलिंद?" तीनदा विचारलं तिनं. तिन्ही वेळा मी नाही म्हणालो.

मंगळवारी दुपारी वारा पडला. बुधवारी आम्ही धक्क्याला लागलो. मी फोन घेऊन टोकापर्यंत चालत गेलो, जरा वेळ उभा राहिलो आणि चेहरा पाडून परत आलो. "आई... सुमनमावशी शनिवारीच गेली गं. मेसेज आत्ता पोचला."

"आत्ता पोचला?"

"हो."

"बरं. लाव त्याला."

मी स्पीकरवर लावला. संदीप रडत होता. शुक्रवारी दुपारी मावशी न्हाणीघरात घसरली, उजवं मनगट मोडलं, संध्याकाळी प्लास्टर घातलं, आणि रात्री हे असं. "तुला कळवू नको म्हणाली, मावशी. तुझी बोटीची मजा जाईल म्हणून. म्हणाली, ताईला मीच सांगेन."

मी लाकडी कठडा घट्ट धरला.

"आणि तुला चेहरा दाखवायचा होता गं शनिवारी," संदीप म्हणाला. "मी दादाला—"

"त्याला रेंज नव्हती तिथं," आई मध्येच म्हणाली. "असू दे. तू जेवतोस ना वेळेवर?"

शनिवारी मी ज्या धक्क्यावर उभा राहून संदीपला उत्तर लिहिलं, त्याच धक्क्यावर आम्ही होतो. मुक्तानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू तरी काय करणार होतास," ती म्हणाली. आई सामान मोजू लागली.

त्यानंतर आई दोन महिने आमच्याकडे होती. हा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती पुण्यात वारली. माझ्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी दुकानात दह्याचे डबे बघत होतो. त्याआधी मला काहीही जाणवलं नव्हतं, अगदी काहीही.

प्लास्टरचं कारण मी अजून शोधतो आहे. मावशी घसरून पडल्यानंतर दोघींचं बोलणं झालं नव्हतं, हे मी दोन्ही फोनवर तपासलं. मला स्वतःला ते माहीत नव्हतं, त्यामुळे माझ्या चेहऱ्यावर ते दिसणं शक्य नव्हतं.

मुक्ताला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती हे सदर वाचते.