खडोलीच्या मोटरवरचा डबा

ती घटना आठवली नाही असा महिना जात नाही. सांगायचं मात्र मी आजवर टाळत आलो. निवृत्तीनंतर लोक मला जुन्या केसेस विचारतात. मी दरोडे सांगतो, एक अपहरण सांगतो. खडोलीच्या डब्याचं सांगत नाही, कारण त्यात गुन्हेगार कुणी नव्हता आणि चूक माझ्या एकट्याची होती.

मी तेव्हा सिल्वासाला ठाण्याचा प्रमुख होतो. दुपारी खडोलीच्या एका सूत कारखान्यातून वॉचमनचा फोन आला. "साहब, बड़ी मोटर पे किसी ने बम चिपकाया है. डब्बा है, वायर है, लाल बत्ती टिमटिमाती है."

आम्ही पोहोचलो. कामगार बाहेर काढले, दोरी बांधली. मोटर चालूच होती. बंद करायला जवळ जाणार कोण? बॉम्बशोधक पथक बाहेरून यायचं होतं, त्याला तीन तास होते. वाळूची पोती मिळाली नाहीत म्हणून माझ्या हवालदाराने सुताची पोती रचली.

"अरे, सूत पेटतं!" मी ओरडलो.

"पण साहेब, देखाव तो सारो लागे छे!" हवालदार वापीकडचा. बंदोबस्त कसा का असेना, दिसायला चांगला हवा, हे त्याचं धोरण.

फाटकावर दोन वार्ताहर येऊन उभे होते. मी छाती काढून त्यांना सांगितलं, "घातपाताचा संशय आहे. संशयित लवकरच ताब्यात येईल."

संशयित चहा पिऊन आला. कारखान्याचा फिटर, खानदेशातला, चाळिशीचा. दोरीखालून वाकून तो सरळ मोटरपाशी गेला, बाहीने डबा पुसला आणि टक्‌ करून काढला. हवालदार पोत्यांमागे आडवा झाला. फिटरने डबा आणून माझ्या हातात दिला.

"हे बघायला आलात का साहेब? जपून धरा, जरा गरम आहे."

त्याला खरंच वाटलं होतं, त्याची करामत बघायला साहेब लोक आलेत. मी त्याला जीपमध्ये घातलं.

ठाण्यात पंचनामा केला. प्लास्टिकचा जेवणाचा डबा एक, झाकणाला भोक, त्यातून चार्जरची वायर, आत जुना मोबाईल, बुडाला बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक. एका पंचाने वाकून विचारलं, "भाजी नाही?" त्याला मी दटावलं. मग जबाब सुरू केला.

"डब्यात मोबाईल कशाला?"

"तेल आणि सुताचे तंतू आत जाऊ नयेत म्हणून."

"मोटरवर कशाला?"

"मोटर थरथरते का ते बघायला. थरथर वाढली म्हणजे बेअरिंग जाणार."

"ते हात लावून कळत नाही?"

"कळतं ना. पण ड्यूटी संपली की हात घरी जातात, साहेब. मोबाईल जात नाही."

हवालदार हसला. मी हसलो नाही. "मोबाईलला काय कळतंय थरथर?"

"आडवा धरला की चित्र आडवं होतं ना? म्हणजे हललेलं त्याला कळतं. तेच वापरलं. थरथर मोजायचं खरं यंत्र वेगळं असतं, मी मॅनेजर साहेबांकडे मागितलं होतं. ते बोलले, बघू. बघेपर्यंत मोटर गेली असती."

तेवढ्यात लाईट गेली आणि भिंतीपलीकडचा ठाण्याचा जनरेटर सुरू झाला. माझं टेबल नेहमीसारखं हलू लागलं. आणि डब्यातून एक बाई कडाडली, "उठा हो! मशीन बोंबली राहिनं!"

हवालदार टेबलाखाली, दोन्ही पंच व्हरांड्यात. मी खुर्चीतच होतो, पण पाय वर घेऊन.

"घाबरू नका," फिटर म्हणाला. "मंडळींचा आवाज भरून ठेवलाय. हाच आवाज फोनवरून माझ्या खोलीवर येतो, भोंग्याने मला जाग येत नाही. साहेब, तुमच्या जनरेटरचं बेअरिंग संपलंय."

मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी जनरेटर उघडला तर बेअरिंगमधून छर्ऱ्यांचा भुगा पडला.

फिटरला मी त्याच संध्याकाळी चहा पाजून सोडलं होतं. गुन्हा नोंदवलाच नव्हता, फक्त स्टेशन डायरीत नोंद. पण घातपाताची बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली, आणि वरून विचारणा झाली. 'मी घाबरलो होतो' असं काही कागदावर लिहिता येत नाही. मी कंपनीला पत्र धाडलं: आपला कामगार विनापरवानगी यंत्रावर संशयास्पद उपकरण बसवतो, योग्य ती दखल घ्यावी. विचारणा मिटली.

आठवड्याने मॅनेजर स्वतः ठाण्यात आला. मोटर जाम होऊन अर्धा कारखाना बंद पडला होता. "साहेब, तो डबा परत मिळेल का?"

"डबा घेऊन काय करणार? त्या फिटरला विचारा."

"त्याला तर काढला. तुमच्याच पत्रावरून."

वस्तू दिसते कशी यावर पोलीस धावतो. ती करते काय, हे बसवणाऱ्याला विचारायला पाच मिनिटं लागतात. मी तर विचारलंही होतं. उत्तर मिळालं होतं, पटलं होतं. त्यानंतर पत्र लिहिलं, म्हणून मला अजाणतेपणाचीही सबब नाही. त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा कुलूप होतं. तो गावी निघून गेला होता.

निवृत्तीनंतर एकदा सिल्वासाच्या बसस्टँडवर तो भेटला. भाचीच्या लग्नाला आला होता, धुळ्याची गाडी धरायची होती. केस पिकले होते. मला पाहून अदबीने उभा राहिला.

"हल्ली कुठल्या कारखान्यात?" मी विचारलं.

"नाही लागलो, साहेब. गावात मिक्सर, पंखे दुरुस्त करतो. कारखान्याच्या फॉर्मवर लिहावं लागतं ना, पोलीस केस आहे का म्हणून. खोटं कसं लिहू?" मग आवाज बारीक करून म्हणाला, "साहेब, ती केस अजून चालू आहे का हो?"

"अरे, केस नव्हतीच," मी म्हणालो. "कधीच नव्हती."

मग त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथे उभं राहवेना. तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. "फार मोठं काम केलंत, साहेब. घरी सांगतो."

गाडी लागली. लोक चढू लागले. 'चूक माझी होती, तुझी नव्हती', एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. तोंडापर्यंत आले होते.

मी म्हणालो, "खिडकीजवळ बस."